निळीचं इंजिन

गॅरेजमधल्या त्या वर्षांबद्दल मी आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, मुलींना काहीच नाही. कुणी विषय काढला की मी गफूरचाचांच्या गमती सांगायचो, आणि विलासचं नाव निघालं की "होता एक मित्र, पुढे शेतीत गेला" एवढ्यावर भागवायचो. हे आत्मकथन लिहायला घेतल्यावरही या जागी आलो की वही मिटत होतो. पण नाशिकमध्ये अजून माझ्या वयाची काही माणसं भेटतात, जुन्या गाड्यांच्या गप्पा निघतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "तो विलास ना? चोरीचं इंजिन बसवलेला?" मी गप्प बसतो. ते गप्प बसणं आता माझं मलाच सहन होत नाही. तेव्हा आधी एवढं लिहून टाकतो. ते इंजिन चोरीचं नव्हतं. विलासने ते मालेगावच्या भंगार बाजारातून रीतसर बिल घेऊन आणलं होतं. टेम्पोत चढवताना त्याचं दुसरं टोक मी धरलं होतं.

आम्ही नाशिक रोडला सरकारी प्रेसच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढे गजांचा व्हरांडा, मागे नळ. घर चालायचं भोंग्यावर. पहिल्या भोंग्याला आई चहा टाकायची, दुसऱ्याला दादांची सायकल फाटकाबाहेर पडायची, आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर सगळ्या कॉलनीत एकाच वेळी फोडणीचा वास सुटायचा. आई मूळची सटाण्याकडची, त्यामुळे थंडीत आमच्याकडे आठवड्यातून दोनदा वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि पातीचा कांदा. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरात शांतता लागायची. दिवसभर छपाईच्या यंत्रांशेजारी उभा राहिलेला माणूस, घरी आल्यावर रेडिओसुद्धा हळू लावायचा. अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो आणि शहरातली सगळ्यात जास्त आवाज करणारी गाडी त्याच्याच दारात आणून उभी केली.

गाडी तशी साधीच, टॅक्सीच्या जातीची, चौकोनी, जुनी. पण मी तिच्यात काही शिल्लक ठेवलं नव्हतं. इंजिनाचं हेड घासून घेतलं, कॅमशाफ्ट लेथवाल्याकडून हवा तसा करून आणला, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. टायर इतके रुंद घातले की वळताना ते मडगार्डला घासायचे आणि रबर जळल्याचा वास यायचा. रेडिएटरचा पंखा काढून टाकला, कारण तो ताकद खातो असं कुणीतरी सांगितलं होतं. सायलेन्सरच्या जागी सरळ नळी. रविवारी सकाळी गंगापूर रोडला, धरणाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर बंगल्यांतली पोरं गाड्या घेऊन जमायची, तिथे माझ्या गाडीला तोड नव्हती. दादा एवढंच म्हणाले, "मधू, ही गाडी आहे की भांडण?" आई मात्र मी येताना कोपऱ्यावर आवाज ऐकू आला की चहाचं आधण टाकायची.

मी आणि विलास दोघेही द्वारका चौकाजवळ गफूरचाचांच्या गॅरेजात काम करायचो. चाचा आमचे वस्ताद. विलास मखमलाबादच्या बाजूचा, घरी दोन एकर मळा, त्यात झेंडू, शेवंती आणि पालेभाजी. वडील लवकर गेलेले, आई सगुणाबाई रोज पहाटे फुलं घेऊन गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात बसायची. त्याचीही गाडी माझ्याच जातीची होती. रंग निळा, म्हणून सगळे तिला निळी म्हणायचे. ती निळी पहाटे झेंडूची पोती वाहायची, दिवसभर गॅरेजच्या दाराशी सावलीत उभी असायची, आणि रविवारी गंगापूर रोडला आली की माझ्या गाडीच्या जेमतेम हातभर मागे राहायची. मागच्या सीटवर पाकळ्या चिकटलेल्या असायच्या. पोरं हसायची. विलासही त्यांच्यात हसायचा.

आता इथे आमच्या गॅरेजची एक रीत सांगायला हवी. कामाच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीच्या वर, एका मोठ्या खिळ्याला एक जुना कंपनीचा सायलेन्सर टांगलेला असायचा. त्याला आम्ही पासिंगचा सायलेन्सर म्हणायचो. कुठलीही फेरफार केलेली गाडी आरटीओच्या तपासणीला न्यायची असली की तिची नळी उतरायची, तो सायलेन्सर चढायचा, अरुंद टायर लागायचे, जादा दिवे निघायचे. साहेब चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायचे, ठसा घ्यायचे, सही करायचे. संध्याकाळी सायलेन्सर परत खिळ्यावर आणि गाडी पुन्हा आपल्या अवतारात. चाचा म्हणायचे, "बच्चे को नहलाया, टोपी पहनाई, पेशी करून आणला. बस!" माझी गाडी त्या टोपीत दोनदा पास झालेली होती. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळेच करायचे.

विलास करायचा नाही. तो म्हणायचा, "एका दिवसापुरती पास व्हती ती गाडी पास नाय, मध्या. आज रस्त्यात साहेबानं हात केला तरी पास व्हायला पायजे." निळीचा सायलेन्सर त्याने स्वतः आतून बदलला होता, पण आवाज असा की दादांनीसुद्धा तिला कधी नावं ठेवली नाहीत. ताकद वाढवण्याआधी त्याने ब्रेक बदलले, मोठ्या गाडीचे डिस्क आणून पुढे बसवले. रेडिएटर मोठा घातला, पंखा ठेवला. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून गॅरेजच्या मागच्या भिंतीवर खडूने रेघ मारून तो तासभर स्क्रू फिरवत बसायचा. आणि सगळं झालं की त्याची एक शेवटची परीक्षा असायची. गाडीची चावी तो चाचांच्या मेहुण्याला द्यायचा. हा मेहुणा इतकी वाईट गाडी चालवायचा की गियर टाकताना आम्ही कानांवर हात ठेवायचो. त्याच्या हातात निळी द्वारकेच्या गर्दीत, चैत्राच्या उन्हात, बंद न पडता फिरून आली की विलास म्हणायचा, "झाली." मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "रस्त्यावर आपण एकटं नसतो ना रे. गाडी आपल्यापेक्षा येड्याच्या हातातबी नीट वागली पायजे."

आज माझ्या गॅरेजात पोरं येतात, फोनवर चित्रं दाखवतात, विचारतात, "काका, एवढं केलं तर लीगल राहील का? रोजच्याला चालेल का?" मी त्यांना जे सांगतो ते सगळं विलासचं आहे. आरसी बुकात नोंद आहे का, विम्याला कळवलं आहे का, आधी थांबते का, उन्हात उभी राहते का, घरातलं दुसरं माणूस चालवू शकतं का. शब्दसुद्धा त्याचेच. पोरं म्हणतात, काकांना काय ज्ञान आहे.

तेव्हा मात्र मला त्याचा राग यायचा. तो चुकीचा होता म्हणून नव्हे. तो बरोबर होता आणि त्याला ते सिद्ध करायची गरज वाटायची नाही, म्हणून.

माझ्या धाकट्या बहिणीचा, नंदाचा, साखरपुडा देवळ्याला ठरला. मुलगा दिनकरराव, घरचा कांद्याचा व्यापार, माणसं मोठी. दादा एसटीने जाऊ म्हणत होते, पण मीच हट्ट धरला की मुलीकडची माणसं गाडीतून उतरली पाहिजेत. आई, दादा आणि मामी माझ्या गाडीत. नंदा, तिच्या मैत्रिणी, ओटीचं सामान आणि फुलांच्या माळा विलासच्या निळीत. चांदवडपर्यंत मी पुढे होतो आणि आरशात निळी दिसली की अजून पिळत होतो. आईने पदर नाकाला लावला होता. देवळ्याच्या अलीकडच्या बारीत, म्हणजे छोट्या घाटात, समोर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. माझ्या गाडीला हळू चालणं माहीतच नव्हतं. रेस सोडली की बंद, रेस धरली की तापणार, आणि पंखा मी स्वतःच्या हाताने काढलेला. तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी मेली. आईच्या ठेवणीतल्या पैठणीवर, मी घाईत झाकण उघडलं तेव्हा, तांबडं पाणी उडालं.

विलास मागून आला. त्याने मैत्रिणींना सामानासारखं कोंबून मागे सरकवून बसवलं, आईला पुढे घेतलं, दादांना मागे. मामीला आणि मला एका ट्रॅक्टरवाल्याने कांद्याच्या गोण्यांवर बसवून आणलं. आम्ही मांडवाच्या दारात ट्रॅक्टरवरून उतरलो तेव्हा दिनकररावांची आजी मोठ्याने म्हणाली, "हाई बाई, नवरीना भाऊ कांदास्ना संगे वना!" नवरीचा भाऊ कांद्यांबरोबर आला म्हणून सगळा मांडव हसला. तेवढ्यावर थांबलं असतं. पण दिनकररावांनी विलासला विचारलं, "काय हो, एवढी नावाजलेली गाडी, काय झालं तिला?" आणि विलास, हातात नंदाची माळ धरून, सहज बोलून गेला, "तिला सुटायचं माहीत हाय, पोचायचं नाय."

तो हसत होता. मला वाटतं त्याला वाटलं मीही हसेन. मी हसलो सुद्धा. पण ते वाक्य देवळ्यात राहिलं. लग्नात ते होतं, बारशाला होतं, दिवाळीला नंदाला आणायला गेलो तेव्हा दारातच होतं. "या, सुटणारे पाव्हणे! पोचलात का?" दिनकरराव प्रत्येक वेळी नवीन माणसाला बोलावून ती गोष्ट पहिल्यापासून सांगायचे आणि आईच्या पैठणीपाशी आले की मांडीवर थाप मारायचे. आई मान खाली घालून पोह्यांत चमचा फिरवत राहायची. परतताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसायचो आणि दिनकररावांवर नाही, विलासवर दात खायचो. दिनकरराव सोयरे होते, त्यांचं मी काही करू शकत नव्हतो. विलास रोज समोर होता.

मी दीड वर्ष वाट पाहिली. त्या दीड वर्षात मी त्याच्याशी अधिकच गोड वागलो. त्याच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि चुक्याची भाजी खाल्ली, त्याच्या आईला मावशी म्हणत राहिलो, तिच्या पायावर पाटा पडला होता तेव्हा दवाखान्यातही नेलं. सूड मनात धरून ठेवलेला माणूस किती कामाचा असतो हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मी वेळेवर यायचो, शिव्या देत नव्हतो, सगळ्यांच्या उपयोगी पडायचो. चाचा म्हणायचे, "मधू सुधर गया." मी सुधारलो नव्हतो. मी विलासच्या गाडीत एखादा सैल बोल्ट शोधत होतो आणि तो सापडत नव्हता.

मग त्याने मोठं इंजिन घालायचं ठरवलं. निळीला तिच्या मूळच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं, पण चोरून नाही. आरटीओत अर्ज करून, तपासणी करून, नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवून घ्यायचा. आमच्याकडे कुणी हे केलं नव्हतं. एजंट हसला, चाचा हसले. विलासच्या डोक्यात मात्र एवढंच नव्हतं. त्याला मखमलाबाद रस्त्याला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं, जिथे फेरफार होईल ते पुस्तकात चढवूनच. निळी ही त्याची पहिली गाडी, लोकांना दाखवायची. "एकदा ही नोंद झाली ना मध्या, मंग कोण म्हनल का जोरात पळनारी गाडी म्हंजे लफड्याची गाडी?" हे तो मला सांगत होता, कारण त्या गॅरेजात तो मला अर्धा भागीदार धरत होता.

इंजिन आणायला आम्ही दोघे मालेगावला गेलो. अपघातात चेपलेल्या गाडीतलं होतं. भंगारवाल्याने बिल करून त्यावर इंजिन नंबर लिहिला, जुन्या मालकाचं पत्र जोडलं, आणि विलासने दोन्ही कागद शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले. परत येताना चांदवडच्या अलीकडे आम्ही टपरीवर शेवभाजी खाल्ली. तो इतका खूश होता की रस्सा त्याच्या हनुवटीवरून ओघळला तरी त्याला कळलं नाही. इंजिन बसवलं, निळी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. नोंद होईपर्यंत ती रस्त्यावर आणायची नाही, हा त्याचाच नियम. फुलं भाड्याच्या टेम्पोने जाऊ लागली. सगळे कागद तो चाचांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. तपासणीची तारीख दसऱ्यानंतरची मिळाली, बिल आणि पत्र त्याच दिवशी द्यायचं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं आणि दहा मिनिटांत विलास सायकलवर धापा टाकत आला. टेम्पोवाल्याने ऐनवेळी दगा दिला होता, दुसऱ्या कुणाचं जास्त भाडं मिळालं असणार. सगळ्या मळ्याचा झेंडू पहाटेच तोडून पोत्यांत भरलेला, मावशी बांधावर बसलेली. वर्षातला तो एकच दिवस, हे मला सांगायची गरज नव्हती. निळीकडे बघत तो उभा राहिला. त्याला कुणीतरी "ने" म्हणायला हवं होतं.

"ने," मी म्हणालो. "एक फेरी. कोण बघतंय सणाच्या दिवशी?"

"बुकात चढलं नाय अजून."

"कागद आहेत ना? डब्यातले घालतो मी डॅशबोर्डात. कुणी विचारलं तर दाखव."

आम्ही मिळून गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली. चावी खिळ्यावर होती, ती काढून मीच त्याच्या हातात दिली. आरसी बुक, विमा, अर्जाची प्रत, सगळं व्यवस्थित घडी करून मी डॅशबोर्डात ठेवलं. बिल आणि जुन्या मालकाचं पत्र ठेवलं नाही. ते माझ्या मुठीत होतं. निळी बाहेर पडली तेव्हा तिचा आवाज ऐकला मी, नव्या इंजिनाचा. एखाद्या तगड्या माणसाने खालच्या आवाजात बोलावं तसा. खोटं कशाला सांगू, तो आवाज ऐकून मला आणखी चीड आली. मी मागे गेलो, जळक्या तेलाच्या पिपाचं झाकण उघडलं आणि दोन्ही कागद आत टाकले. ते लगेच बुडाले नाहीत. मी सळई घेऊन ते खाली दाबले. मग रस्ता ओलांडून एसटीडी बूथवर गेलो, वाहतूक पोलिसांना फोन लावला आणि सांगितलं की एक निळी गाडी मखमलाबादकडून पेठ नाक्यावर येईल, तिच्यात चोरीचं इंजिन आहे. नाव विचारलं तेव्हा ठेवून दिला. बूथवाल्याने विचारलं, "झालं का बोलणं?" मी म्हणालो, "झालं," आणि टपरीवर जाऊन भजी मागवली. त्या भजीची चव मला अजून आठवते. इतकी चांगली भजी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

पोलिसांचं काही चुकलं नाही. त्यांनी गाडी थांबवली, बॉनेट उघडायला लावलं, नंबर पुस्तकाशी ताडून पाहिला. जुळला नाही. विलास म्हणाला, बिल आहे. अर्जाची प्रत निघाली, बिल नव्हतं. त्याने डॅशबोर्ड पूर्ण उपसला, सीटखाली पाहिलं, झेंडूची पोती सरकवून पाहिली. दुपारपर्यंत निळी पोलीस ठाण्याच्या आवारात आली. हवालदार भला होता, फुलं उतरवून न्या म्हणाला, पण त्या दिवशी सगळ्या नाशकात एक हातगाडी मोकळी नव्हती. मावशी चालत आली आणि डोक्यावर नेता येतील तेवढी दोन पोती घेऊन गेली.

संध्याकाळी चाचांना आणि मला ठाण्यात बोलावलं. मालेगावच्या भंगारवाल्याला पोलिसांनी विचारलं तेव्हा तो घाबरून म्हणाला की असं काही विकलंच नाही. चाचा खरेदीला नव्हते, त्यांनी तसं सांगितलं. राहिलो मी. विलास बाकावर बसला होता, शर्टावर पिवळे डाग. मला पाहून तो उभा राहिला आणि त्याचा चेहरा असा सैल झाला, जणू आता सगळं मिटलंच. "साहेब, हा बघा, हा होता संगं. मध्या, सांग ना. शेवभाजी खाल्ली नाय का आपण? सांग ना साहेबांना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दीड वर्ष मी ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो असा नव्हता. माझ्या मनात मी त्याला मांडवासारखं काहीतरी, चारचौघांत, हसत हसत बोलणार होतो. इथे हसण्यासारखं काही नव्हतं. तरी मी म्हणालो, "मालेगावला मी गेलो नव्हतो, साहेब. इंजिन कुठून आलं मला ठाऊक नाही."

विलास माझ्याकडे रागाने बघेल असं मला वाटलं होतं. तो काळजीने बघत होता, जसं आजारी माणसाकडे बघतात.

केस काही वर्षं चालली आणि पुराव्याअभावी सुटली, पण सुटलेल्या केसची बातमी कुणी कुणाला सांगत नाही. निळी त्या आवारात उन्हापावसात उभी राहून गंजली, खालून गवत येऊन तिच्या दारांतून वर आलं. चाचांनी विलासला काढलं नाही. गिऱ्हाइकं मात्र आपली गाडी त्याच्या हाती द्यायला कचरू लागली, आणि एक दिवस त्याने पान्यांचा रुमाल बांधला आणि गेला. मखमलाबाद रस्त्यावरचं गॅरेज झालं नाही. चाचा थकल्यावर त्यांचं गॅरेज मी घेतलं. दिनकररावांनी उद्घाटनाला येऊन ते वाक्य पुन्हा म्हटलं, आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की ते म्हणणारा माणूस पुढे चोर निघाला. मी त्यांना पेढा दिला. त्यांचं तोंड मी तेव्हा बंद केलं नाही. आज करतो: दिनकरराव, चोर तुमचा मेव्हणा होता. पुढच्या लग्नात ही गोष्ट सांगाल तेव्हा शेवट असा सांगा.

बऱ्याच वर्षांनी, गावात मोबाइल आले होते तेव्हा, मी विलासकडे गेलो. माझ्या आईला जाऊन महिना झाला होता. आदल्या रात्री काय बोलायचं ते मी मनात घोळवलं होतं, अगदी साधं, तीन वाक्यं. मळा निम्मा उरला होता, शेजारी इमारती आल्या होत्या. विलास शेवंतीला पाणी देत होता, केस सगळे पांढरे. मला पाहून त्याने नळी तशीच वाफ्यात टाकली. "आरं मध्या! ये, ये. मालन, च्या ठेव गं, माझा दोस्त आलाय." मालन त्याची बायको. तिने खाट टाकली, चहा आणला, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. त्याने माझ्या आईबद्दल विचारलं आणि ऐकून हातातला कप खाली ठेवला. मग मी म्हणालो, "विलास, मला त्या दिवसाबद्दल..."

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोड रे. मी कवाच सोडलं ते."

"नाही, ऐक."

"काय ऐकू? पोलीस बघून तू घाबरला व्हतास. घरी दादा सरकारी नोकरीत, भन नव्यानं दिलेली. तुझ्या जागी मी आसतो तर मीबी तेच बोललो आसतो. मालनलाबी मी हेच सांगतो, मध्या वाईट नाय, घाबरला." तो हसला. "बिल कुठं गेलं त्येच मातर आजून कळलं नाय. उंदरानं नेलं का काय, देव जाने."

मालन माझ्याकडे बघत होती. चहाचा कप माझ्या हातात होता. त्याने मला माफ केलं होतं, पण मी केलेल्या गोष्टीसाठी नाही. त्याने माझ्यासाठी एक लहानसा गुन्हा शोधून ठेवला होता, कुणाचाही होऊ शकेल असा, आणि इतकी वर्षं बायकोसमोर तो माझी बाजू घेत आला होता. माझी तीन वाक्यं घशापर्यंत आलेली होती. मी म्हणालो, "हो. घाबरलो होतो." निघताना त्याने शेवंतीची जुडी कागदात बांधून दिली, आईच्या फोटोला.

त्यानंतर मी दोनदा मखमलाबादच्या रस्त्याला लागलो आणि दोनदा पेठ नाक्यावरून परत फिरलो. तिसऱ्यांदा गेलो तो मालनला भेटायला, कारण विलास गेल्याचं कळलं होतं. तिच्यासमोर बसून मला बोलता आलं असतं, पण तिने डोळे पुसत म्हटलं, "तुमच्याबद्दल लय चांगलं बोलायचे ओ," आणि मी मान हलवली.

ती तीन वाक्यं अजून माझ्यापाशीच आहेत. बिल मी पिपात बुडवलं. फोन मी केला. आणि त्या संध्याकाळी ठाण्यात मी घाबरलो नव्हतो, विलास.